मनूच्या वादात कन्फ्यूशियसची साक्ष

२०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला एक श्लोक आला आणि त्यावरून गदारोळ उठला. मोठ्यांना वंदन करणाऱ्याचं, वृद्धांची सेवा करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, असा त्याचा अर्थ. महाडला निषेध झाला, टीव्हीवर चर्चा झडल्या, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, लिहिलं: "चीनच्या कम्युनिस्टांनी कन्फ्यूशियसचं थडगं उकरलं होतं. आज तेच त्याच्यापुढे वाकतात. परंपरेशिवाय देश चालत नाही हे त्यांनासुद्धा कळलं. आपल्याला कधी कळणार? तू तिथे राहिली आहेस, तूच सांग."

राहिले हे खरं. जिनानमध्ये आम्ही नऊ वर्षं होतो. शानडोंग प्रांताची ती राजधानी. कन्फ्यूशियसचं गाव छ्यूफू तिथून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर. आता आम्ही सिंगापूरला आलो आहोत, आणि दादा दर दोन-चार महिन्यांनी तोच मजकूर पुन्हा पाठवतो. ग्रुपवर उत्तर देणं मला जमलं नाही, कारण त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत खोटं काही नाही. चूक आहे ती तिसऱ्या वाक्यात, आणि ती दाखवायची तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

बाबा जिनानला आले होते तेव्हा मी त्यांना छ्यूफूला घेऊन गेले होते. तिथे मोठं देऊळ आहे, वंशजांचा वाडा आहे, आणि गावाबाहेर खोंग घराण्याचं, म्हणजे कन्फ्यूशियसच्याच घराण्याचं, स्मशान आहे. स्मशान कसलं, ते जंगलच. जुनी झाडं, त्यांच्या सावलीत लाखाच्या वर थडगी. कन्फ्यूशियसच्या थडग्यासमोर उंच शिळा उभी आहे. बाबा तिच्या अगदी जवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "ही फुटली होती का गं?" तडे बुजवलेले आहेत, पण लपत नाहीत. मी सांगितलं, १९६६ च्या नोव्हेंबरात पेकिंगच्या शिक्षक विद्यापीठातून सुमारे दोनशे विद्यार्थी आले होते, लाल रक्षक, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते मोडायला निघालेली मुलं. थान हौलान नावाची तरुणी त्यांची पुढारी. काही आठवड्यांत सहा हजारांहून अधिक वस्तू फोडल्या, जाळल्या, शिळा पाडल्या, थडगी खणली, अलीकडच्या वंशजांची प्रेतं बाहेर ओढली. बाबा वाईच्या शाळेत मास्तर होते. तरुणपणी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची व्याख्यानं त्यांनी चुकवली नव्हती. ते बराच वेळ शिळेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण राग आला कशाचा, ते सांग आधी."

बाबांचा प्रश्न योग्य होता. दादाच्या मजकुरात तोच गाळलेला आहे.

राग अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका भटक्या शिक्षकावर नव्हता. इसवी सनापूर्वी ५५१ मध्ये जन्मलेला हा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडला, राजांना शहाणपण सांगत राहिला, कोणी फारसं ऐकलं नाही. त्याची वचनं वाचताना मला पुष्कळदा भरून येतं. पण त्याच्या नावाने पुढे जे उभं राहिलं ते वेगळं होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीपासून तीन बंधनं ठरली: प्रजेवर राजाचं, मुलावर बापाचं, बायकोवर नवऱ्याचं. बाईसाठी तीन आज्ञा ठरल्या. लग्नाआधी बापाचं ऐक, लग्नानंतर नवऱ्याचं, विधवा झालीस की मुलाचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं होतं. "पिता रक्षति कौमारे" हा मनूचा नवव्या अध्यायातला श्लोक जवळजवळ शब्दाला शब्द लावून बसतो. हिमालयाच्या दोन बाजूंना दोन समाजांनी बाईसाठी एकच पिंजरा बनवला होता.

शिवाय हे सगळं पोथीत नव्हतं, सरकारात होतं. सरकारी अधिकारी होण्याची परीक्षा याच ग्रंथांवर व्हायची. ती १९०५ मध्ये बंद झाली. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं. पण अध्यक्ष झालेल्या युआन शिकायने १९१४ मध्ये कन्फ्यूशियसची सरकारी पूजा पुन्हा सुरू केली आणि पुढच्या वर्षाअखेरीस स्वतःला सम्राट जाहीर करून टाकलं. पूजा आणि सिंहासन हे एकामागोमाग आले. काही महिन्यांत त्याचं साम्राज्य कोसळलं, पण तरुणांनी जे पाहायचं ते पाहिलं होतं. छेन तूश्यूने १९१५ मध्ये शांघायला तरुणांसाठी मासिक काढलं आणि त्यात पुनःपुन्हा मांडलं की तीन बंधनं आणि प्रजासत्ताक एका घरात नांदू शकत नाहीत. एक ठेवायचं तर दुसरं सोडावं लागेल. हा छेन लहानपणी तेच ग्रंथ घोकून सतराव्या वर्षी परीक्षेची पहिली पायरी पास झालेला. १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला तेव्हा पहिला सरचिटणीस तोच झाला. म्हणजे मार्क्स त्यांच्याकडे नंतर आला. कन्फ्यूशियसशी भांडण त्याआधीचं, आणि ते घरातून सुरू झालेलं. त्या भांडणात कम्युनिस्ट एकटेही नव्हते. हू श्रसारखे उदारमतवादी होते, आणि कथाकार लू शून होता, जो कधीच पक्षात गेला नाही. त्याच्या १९१८ च्या कथेतल्या वेड्याला इतिहासाच्या पानापानावर दया, धर्म, सदाचार हे शब्द दिसतात, आणि ओळींच्या मधल्या जागेत दिसतं एकच, माणसं खा.

मला मात्र सगळ्यात जास्त हूनान प्रांताच्या राजधानीतली, चांगशाची गोष्ट आठवते. १९१९ चा नोव्हेंबर. चाओ नावाच्या घरातल्या मुलीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरलं. नवरीच्या पालखीत बसताना तिने वस्तरा लपवून नेला आणि वाटेत गळा चिरून घेतला. शहरातल्या वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या पंचवीस वर्षांच्या माओने पुढच्या दोन आठवड्यांत या एका मरणावर नऊ-दहा लेख लिहिले. मुलीचा दोष नाही, असं तो म्हणत होता. माहेर, सासर आणि समाज अशा तीन बाजूंनी तिला कोंडलं होतं, आणि यातली एक जरी बाजू उघडी असती तरी ती मेली नसती. आठ वर्षांनी, १९२७ मध्ये, हूनानच्या शेतकऱ्यांवरच्या अहवालात त्याने चिनी माणसांना बांधून ठेवणारे चार दोरखंड मोजले: राज्याची सत्ता, कुळाची सत्ता, देवाधर्माची सत्ता आणि बायकांसाठी चौथी, नवऱ्याची सत्ता. पुढच्या माओने जे केलं ते मी विसरत नाही, खाली येईलच. पण पालखीतल्या त्या मुलीसाठी लिहिणारा तरुण मला आपल्या ताराबाई शिंद्यांच्या ओळीतला वाटतो.

त्याच्या लहानपणची एक गोष्ट त्याने स्वतः एका अमेरिकन पत्रकाराला सांगितली होती. बाप त्याला आळशी आणि उलट बोलणारा म्हणायचा. शाळेत पाठ केलेल्या ग्रंथांतूनच पोराने उत्तर शोधलं: मोठ्यांनी धाकट्यांशी मायेने वागावं, असंही तिथे लिहिलेलं आहे. हा अर्धा भाग कोणी सांगत नाही. ग्रंथात कर्तव्यं दोन्ही बाजूंना दिलेली असतात, पण आचरणात सक्ती होते ती धाकट्यावरच.

आणखी एक कारण होतं. ज्यांच्याशी लढाई होती ते सगळे कन्फ्यूशियसला पुढे धरत होते. १९३४ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश चँग कै शेक याने नवजीवन चळवळ काढून जुन्या सद्गुणांचे धडे सुरू केले, तेव्हा त्याचं सैन्य कम्युनिस्टांना वेढा घालून होतं. जपान्यांनी मांचुरियात बाहुलं राज्य बसवलं, त्यालाही कन्फ्यूशियसच्या भाषेतला मुलामा दिला. आणि छ्यूफूच्या वाड्यातले वंशज अफाट जमिनीचे मालक, पिढ्यान् पिढ्या कुळांकडून वसुली करणारे. वाडा दाखवताना आता हे फार सांगत नाहीत. बाबांनी त्या वाड्यात मला आपले क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय १९२७ मध्ये क्रांतीच्या ऐन धामधुमीत वूहानला होते याची आठवण करून दिली. तर्कतीर्थ रॉयवादी होते, त्यामुळे वाईच्या मास्तरांना चिनी क्रांती अशी आडवाटेने ठाऊक.

इथपर्यंतचा विरोध मला पटतो. पुढचा रस्ता मात्र सरळ नाही.

माओच १९३८ मध्ये म्हणाला की कन्फ्यूशियसपासून प्रजासत्ताकाचा पाया घालणाऱ्या सुन यत्सेनपर्यंतचा वारसा आपण पारखून घेतला पाहिजे. पुढच्या वर्षी त्याचा पक्षातला सहकारी लिऊ शाओची याने चांगला कम्युनिस्ट कसं व्हावं यावर व्याख्यानं दिली, त्यात कन्फ्यूशियस आणि त्याच्याच परंपरेतला मेन्शियस यांची वचनं सन्मानाने आली. सत्ता मिळाल्यावर १९५० मध्ये दोन कायदे झाले. विवाहाच्या कायद्याने ठरवून लावलेली लग्नं, बालवधू, रखेल ठेवणं बंद केलं आणि बाईला घटस्फोटाचा हक्क दिला. जमिनीच्या कायद्याने कुळाच्या देवळांच्या जमिनी काढून घेतल्या. पुस्तक न जाळता चारपैकी दोन दोरखंड कायद्याने कापायला घेतले. हे फार मोठं काम होतं. त्या जमीनवाटपात पुष्कळ रक्त सांडलं, हेही इथेच लिहिलं पाहिजे.

१९५७ मध्ये फंग यौलान या तत्त्वज्ञाने जे मांडलं त्यात मला आपला सगळा श्लोकाचा वाद दिसतो. त्याचं म्हणणं असं की जुन्या वचनाला दोन अर्थ असतात. एक त्या काळातला, ठोस. दुसरा त्यातून वर उचलता येणारा, सर्वसाधारण. 'शिकावं आणि वेळोवेळी सराव करावा, यात आनंद आहे' असं कन्फ्यूशियस म्हणतो तेव्हा त्याला जुनी काव्यं आणि सरदारांचे विधी अभिप्रेत होते. ते आज कोणाला नकोत. पण शिकण्यात आनंद आहे हे आजही खरं, तेवढं आपण घेऊ. दादाही तेच म्हणतो: मोठ्यांचा मान राखा, यात वाईट काय?

फंगला सडकून उत्तरं मिळाली. ती देणाऱ्यांचा मुद्दा होता की मालक आणि मजूर अशा वर्गांत विभागलेल्या समाजात वचन कधी हवेत तरंगत नसतं. ते कोणीतरी कोणालातरी सांगत असतं. हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पण तो वाद वाद म्हणून राहिला नाही, हे त्या देशाचं दुर्दैव. १९६२ च्या नोव्हेंबरात आमच्या जिनानमध्येच कन्फ्यूशियसवर मोठी विद्वत्परिषद झाली. देशभरातून शंभरावर अभ्यासक आले, मतं मांडली. चार वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीत त्याच परिषदेतलं बोलणं गुन्हा ठरलं. फंगने आपली मतं जाहीरपणे मागे घेतली, आणि १९७४ ची मोहीम आली तेव्हा म्हाताऱ्या फंगने कन्फ्यूशियसविरुद्ध लेख लिहिले. लिऊ शाओचीची ती व्याख्यानं विषारी ठरली आणि लिऊ कोठडीत उपचारावाचून मेला.

१९७४ ची मोहीम मला आमच्या इमारतीतल्या एका आजींकडून कळली. त्यांचं माहेरचं आडनाव खोंग, म्हणजे कन्फ्यूशियसचंच. शानडोंगमध्ये हे आडनाव पावलोपावली भेटतं. त्या तेव्हा बारा वर्षांच्या. लिन पियाव हा माओचा जाहीर केलेला वारस १९७१ मध्ये विमान कोसळून मेला होता, आणि त्याच्या घरात 'स्वतःला आवरून विधींकडे परत जा' हे कन्फ्यूशियसचं वचन लिहिलेलं सापडलं. त्यावरून लिन आणि कन्फ्यूशियस यांना एकत्र झोडपायची देशभर मोहीम निघाली. आतून रोख पंतप्रधान चौ एन लायवर होता, पण शाळेतल्या पोरांना ते कसं कळावं? कन्फ्यूशियस गुलाम बाळगणाऱ्यांचा दलाल होता असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं, त्याला नावाने न म्हणता 'खोंगांचा दुसरा पोरगा' म्हणायचं. वर्गात त्या आडनावाची ही एकटीच मुलगी, म्हणून निबंध वाचायला तिलाच उभं केलं. "काय लिहिलं होतं?" मी विचारलं. आजी म्हणाल्या, "वर्तमानपत्रात होतं तेच. त्याचं पुस्तक आम्ही कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. घरात होतं ते आजोबांनी ६६ सालीच चुलीत घातलेलं."

ज्याच्याविरुद्ध निबंध लिहायचा त्याचं पुस्तक पाहायचंसुद्धा नाही. हा तपशील माझ्या मनातून जात नाही. पंचवीस वर्षांच्या माओने ते ग्रंथ घोकले होते आणि बापाशी भांडताना ते वापरले होते. त्याच्या राज्यातल्या बारा वर्षांच्या मुलीला पुस्तकही नाही आणि मतही नाही.

परतीचा प्रवास मी भराभर सांगते, कारण तो सरकारी इतमामाचा आहे. माओनंतर १९७८ पासून अभ्यासक हळूहळू बोलू लागले. १९८४ मध्ये कन्फ्यूशियसच्या नावाची संस्था निघाली, छ्यूफूची डागडुजी झाली, १९९४ मध्ये ते जागतिक वारसा झालं. २००४ पासून जगभर चिनी भाषेच्या शाळांना त्याचं नाव मिळालं. २०११ च्या जानेवारीत तिआनआनमेन चौकाच्या कडेला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर, साडेनऊ मीटरचा काशाचा कन्फ्यूशियस उभा राहिला, आणि एप्रिलमध्ये एका रात्रीत तिथून हलवून आतल्या अंगणात नेला. का बसवला आणि का हलवला, याचं धड कारण लोकांना कोणी दिलं नाही. मग २०१३ मध्ये शी जिनपिंग स्वतः छ्यूफूला गेले, २०१४ मध्ये कन्फ्यूशियसच्या २५६५ व्या जयंतीच्या सभेत बोलले, आणि २०२१ पासून मार्क्सवादाची परंपरेशी सांगड ही पक्षाची अधिकृत भूमिका झाली. २०२३ मध्ये हूनानच्या दूरचित्रवाणीवर मार्क्स आणि कन्फ्यूशियस गप्पा मारताना दाखवले. ही कल्पना नवी नाही. क्वो मोरोने १९२५ मध्ये मार्क्स कन्फ्यूशियसच्या देवळात येतो अशी गोष्ट लिहिली होती. पण तेव्हा ती एका लेखकाची लहर होती, आता ती पक्षाची शिकवण आहे. आणि हूनान म्हणजे चांगशाचाच प्रांत. पालखीतल्या मुलीबद्दल मार्क्सने कन्फ्यूशियसला तिथे विचारायला हवं होतं.

दादा, तू म्हणतोस त्यांना परंपरेचं महत्त्व कळलं. मला दिसलं ते असं. क्रांती करणाऱ्यांना आज्ञा मोडणारी माणसं हवी होती, म्हणून कन्फ्यूशियस नको होता. राज्य करणाऱ्यांना आज्ञा पाळणारी माणसं हवी आहेत, म्हणून तो हवा आहे. त्यातही निवडक हवा आहे. सैन्याचा सेनापती पळवता येतो, पण साध्या माणसाचा निश्चय हिरावून घेता येत नाही, हेही त्याचंच वचन. ते मला भिंतींवरच्या पाट्यांवर कधी दिसलं नाही. सलोखा, निष्ठा, आईबापांची सेवा हे मात्र बसथांब्यावरसुद्धा.

घरांत काय झालं ते मी पाहिलं आहे. त्याच आजींच्या नातवाच्या शाळेत 'शिष्याचे नियम' पाठ करून घेत. तीन-तीन अक्षरांच्या ओळी, कन्फ्यूशियसच्या नव्हेत, छिंग काळातल्या कोणा मास्तरांच्या. आईबापांनी हाक मारली तर उत्तराला उशीर करू नये, अशी त्यातली एक. पोरगा गोड म्हणायचा, मलाही कौतुक वाटायचं. एका वर्षी वसंतोत्सवाला त्यांनी आम्हाला आपल्या सासरच्या खेड्यात नेलं. जेवणाच्या मोठ्या टेबलावर पुरुष बसले. मी पाहुणी आणि परदेशी, म्हणून मलाही बसवलं. बाकी बाया स्वयंपाकघरात. वाढून झाल्यावर त्या तिथेच चुलीजवळ जेवल्या. मी उठून आत गेले तर आजींची सून हसून म्हणाली, "शानडोंगमध्ये असंच असतं, कन्फ्यूशियसचा प्रांत ना!" पहिली पंगत पुरुषांची, हे पाहत मी वाईला वाढले. मला काय बोलावं कळलं नाही. सून बँकेत अधिकारी आहे.

हे खेड्यातलं म्हणून सोडून द्यावं, तर २०१७ मध्ये लिआओनिंग प्रांतातल्या फुशुनमध्ये 'पारंपरिक संस्कृती'च्या नावाने स्त्रीधर्माचे वर्ग चालल्याचं उघड झालं. नवऱ्याने मारलं तरी उलटा हात उगारू नये, घटस्फोट घेऊ नये, असं तिथे शिकवत होते. चित्रफीत पसरल्यावर लोक संतापले आणि सरकारने ते वर्ग बंद केले. बंद केले हे चांगलंच. पण त्याच देशात २०१५ च्या महिला दिनाच्या तोंडावर, बसमधल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचं ठरवणाऱ्या पाच तरुणींना सदतीस दिवस कोठडीत ठेवलं होतं. स्त्रीधर्माचे वर्ग फार बोभाटा झाल्यावर बंद होतात. या मुली स्टिकर वाटायच्या आधीच आत जातात. परंपरा परत आणायची मोकळीक आहे, तिच्याशी भांडायची नाही.

म्हणून चीनची साक्ष दादाच्या बाजूने होत नाही. तिथे परंपरा परत आली ती जमिनीचे आणि लग्नाचे कायदे होऊन तीस-चाळीस वर्षं झाल्यावर. आपल्याकडे डॉक्टर आंबेडकरांना हिंदू कोड बिल रखडल्यामुळे १९५१ मध्ये राजीनामा द्यावा लागला. कायदे पुढे १९५५-५६ मध्ये तुकड्यातुकड्यांनी झाले, आणि आंतरजातीय लग्न केलं म्हणून पोटच्या मुलीला मारल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. दोरखंड अजून गळ्यात असताना त्यावरची नक्षी पाहा म्हणणं मला जमत नाही. आणि कन्फ्यूशियस म्हणजे मनू नव्हे, हेही दादाने ध्यानात घ्यावं. शिकवताना भेदभाव करू नये, हे कन्फ्यूशियसचं वचन आहे. परीक्षेचं दार निदान तत्त्वतः शेतकऱ्याच्या मुलालाही उघडं होतं, बाईला मात्र कधीच नाही. जन्माच्या जातीवरून ज्ञान नाकारणारी उतरंड तिथल्या ग्रंथांनी सांगितली नाही. एवढा फरक असूनही तिथल्या तरुणांना तो जाच असह्य झाला होता.

माझ्या डाव्या मित्रमैत्रिणींनाही सांगायचं आहे. त्यांच्यापैकी काही जण १९६६ कडे बोट दाखवून म्हणतात, अतिरेक झाला खरा, पण दिशा बरोबर होती. नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली तेव्हा आधी ठराव मांडला गेला. मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. ज्यांनी जाळली त्यांनी ती वाचली होती, आपण हे का करतो हे भर सभेत सांगितलं होतं, आणि सत्ता त्यांच्या हातात नव्हती. परिषदेला जागा कोणी देईना, ती फत्तेखान यांनी दिली. छ्यूफूला गेलेल्या मुलांच्या पाठीशी देशातला सगळ्यात बलाढ्य माणूस होता, आणि समोर होती मेलेली माणसं. या दोन आगी एका रांगेत ठेवता येत नाहीत. उलट आपल्याकडच्या कम्युनिस्टांनी संस्कृतीच्या या प्रश्नाला हातच उशिरा घातला. महाडच्या परिषदेसाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि पक्षाने अस्पृश्यतेचा प्रश्न मनावर घ्यावा म्हणून पक्षात राहून झगडले. धुळ्याच्या शरद पाटलांनी तर १९७८ मध्ये बाहेर पडून मार्क्सच्या शेजारी फुले-आंबेडकरांना बसवणारा वेगळा पक्ष काढला. छेन तूश्यू जिथून सुरू झाला तिथे आपल्या डाव्यांना पोचायला पन्नास वर्षं लागली.

सिंगापूरनेही ऐंशीच्या दशकात हा प्रयोग केला. शाळेत नीतिशिक्षणासाठी धर्माचे विषय ठेवले, त्यात कन्फ्यूशियसची नीती हा एक पर्याय होता, परदेशातून मोठमोठे पंडित बोलावून तयार केलेला. चिनी मुलांपैकी बहुतेकांनी बौद्ध धर्म किंवा बायबल निवडलं. दशक संपताना सरकारने ती सक्ती गुंडाळली. निवडायला मिळालं तेव्हा मुलांनी निवड केली, एवढंच मला त्यातून घ्यावंसं वाटतं.

तो श्लोक शिकवायला माझी हरकत नाही, दादा. पण त्याच पानावर नवव्या अध्यायातला तो दुसरा श्लोक हवा, दोन्हींचा मराठी अर्थ हवा, खाली महाडची तारीख हवी, आणि मास्तरांनी वर्गात विचारायला हवं की एकाच ग्रंथातल्या या दोन ओळींचं काय करायचं. मुलीला वाटलं की मोठ्यांचा मान राखू पण दुसरी ओळ फाडू, तर तिने तसं लिहावं आणि तिचे मार्क कापले जाऊ नयेत. फंग यौलानला हवं होतं ते याहून वेगळं नव्हतं. त्याला ते करू दिलं नाही.

खोंग घराण्याची वंशावळ २००९ मध्ये नव्याने छापली, सुमारे वीस लाख नावांची. तीत पहिल्यांदाच मुलींची नावं घेतली. आजींच्या भावाने त्यांचं नाव परस्पर घातलं. जिनान सोडण्याआधी त्यांनी मला ते पान दाखवलं. बारा वर्षांची असताना ज्याला शिव्या देणारा निबंध वाचायला उभं केलं होतं, त्याच्या वंशात आता त्या रीतसर आहेत. आनंद झाला का, विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही वेळा मला कोणी विचारलं नाही." परवा फोनवर मी त्यांना आमच्याकडच्या श्लोकाचं, महाडचं, माझ्या दोन श्लोकांच्या पानाचं सगळं सांगितलं. मोडक्या चिनीत सांगताना माझी दमछाक झाली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे मुलांनी वर्गात असं उलट विचारलेलं चालतं?"

मी हो म्हणाले. तो हो खरा राहावा म्हणून दादाला हे एवढं लांबलचक लिहिते आहे.